छोटी गाडी आपटते? शॉकअपच्या आधी काय काय बघायचं

छोटी गाडी आपटायला लागली की माणूस गॅरेजमध्ये जाऊन पहिला प्रश्न विचारतो, "चांगले शॉकअप कोणते?" प्रश्न बरोबर आहे, फक्त त्याचा नंबर चौथा. त्याच्याआधी टायरमध्ये हवा किती आहे, टायर कसले आहेत आणि खालचं रबर शाबूत आहे का, हे बघायला हवं. ते न बघता शॉकअपवर पैसे टाकले की नवे शॉकअप जुन्या बुशांच्या (सांध्यांतल्या रबरांच्या) संगतीत बसतात, गाडी चार दिवस बरी वाटते आणि मग पुन्हा तीच खडखड.

पुढचं सगळं ऑल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, आय-टेन, टियागो, क्विड अशा गाड्यांसाठी आहे. यांच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. मागे आडवा बीम किंवा अ‍ॅक्सल आणि दोन कॉइल स्प्रिंग. रचना साधी आहे, भाग थोडे आहेत, त्यामुळे दोष शोधणं कठीण नाही. कामाला चाकापासून सुरुवात करायची आणि वर सरकत जायचं. स्प्रिंगला हात सगळ्यात शेवटी, आणि माझ्या मते बहुतेकांनी तो लावूच नये.

छोटी गाडी मुळात आपटते का

वॅगनआरसारख्या गाडीचं रिकामं वजन साधारण ८०० ते ८५० किलो. तिच्यात पाच माणसं बसली आणि डिकीत चवथीचा बाजार भरला की चारशे किलोच्या आसपास भर पडते, म्हणजे गाडीच्या निम्म्या वजनाएवढी. त्यातला मोठा वाटा मागच्या चाकांवर येतो. कंपनीला मागचे स्प्रिंग या भरलेल्या गाडीसाठी बनवावे लागतात, नाहीतर मागची बाजू प्रत्येक खड्ड्यात तळाला टेकेल. मग तुम्ही एकटेच म्हापशाहून पणजीला ऑफिसला निघालात की तेच स्प्रिंग तुमच्या एकट्यासाठी जरुरीपेक्षा कडक ठरतात. दीड-पावणेदोन टनांच्या एसयूव्हीत हेच चारशे किलो तिच्या पाव वजनाएवढे, म्हणून तिथे इतका फरक जाणवत नाही. एकट्याला आपटणारी गाडी चौघं बसल्यावर शहाण्यासारखी चालत असेल, तर ती बिघडलेली नाही. तिचा स्वभावच तो.

दुसरी अडचण लांबीची. नव्या वॅगनआरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २४३५ मिमी. ताशी ४० किमी वेगात पुढचं चाक उंचवट्यावर गेलं की पाव सेकंदाच्या आत मागचं चाक तिथे हजर. पुढचं नाक अजून वर असतानाच मागून धक्का बसतो आणि गाडी झोपाळ्यासारखी पुढे-मागे डुलते. मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये याच दुखण्यावर काम केलं. मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित जलद लयीत हलली तर ती पुढच्या टोकाला गाठते आणि डुलणं लवकर थांबतं, हे त्याने दाखवलं. गाड्यांचे स्प्रिंग आजही या हिशेबाने निवडतात. म्हणजे पुढचे आणि मागचे स्प्रिंग एकमेकांना बघून ठरवलेले असतात. फक्त मागे स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर घातला किंवा फक्त पुढे कडक स्प्रिंग बसवले की तो हिशेब मोडला.

तिसरं कारण गाडीच्या बाहेर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा आणि त्यावरून ताशी २५ किमीने गाडी सुखाने जावी. आपल्याकडे देवळासमोर, शाळेसमोर जे डांबराचे उंचवटे घालतात त्यांची उंची व्यवस्थित भरते, रुंदी मात्र कित्येकदा मीटरभरही नसते. अशा उंचवट्यावर कितीही महागाचं सस्पेन्शन तुम्हाला वाचवणार नाही, ब्रेकच दाबायला हवा.

तेव्हा अपेक्षा बेताची ठेवा. बारीक टोचरे धक्के कमी होतील, खडखड जाईल, एका खड्ड्यानंतर दोन-तीनदा उसळणं बंद होईल. वॅगनआरची इनोव्हा होणार नाही.

तक्रार नेमकी कोणती

"गाडी हार्ड वाटते" एवढंच सांगून गॅरेजमध्ये गेलात तर समोरच्याला सोयीचं तेच उत्तर मिळेल. त्याआधी आपल्या रोजच्या वाटेवरचा एक छोटा फेरा ठरवून घ्या. त्यात रंबलर (रस्त्यावरचे ओळीने घातलेले बारीक उंचवटे) असावेत, एक उंच गतिरोधक, थोडा उखडलेला भाग आणि थोडा लाटांसारखा वरखाली रस्ता. डिचोली, साखळी, वाळपई या भागात किंवा ट्रकच्या वाटेवर राहणाऱ्यांना हे शोधायला लांब जावं लागत नाही. हवा बरोबर भरून, डिकी रिकामी करून या फेऱ्यावर जा आणि स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्या. तुम्ही मागच्या सीटवर बसा. आईला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेताना तिच्या कमरेला जे जाणवतं ते चालवणाऱ्याला पुढे बसून कळत नाही. चालवणारा स्टिअरिंगला धरून असतो, धक्का कधी येणार हे त्याला आधीच दिसतं, शिवाय तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध बसलेला. मागच्या प्रवाशाचं बूड जवळजवळ अ‍ॅक्सलवरच.

मग आवाज आणि धक्के वेगळे करा. हळू वेगात, बारीक खडबडीत रस्त्यावर पुढून "टकटक" येत असेल तर बहुतेक वेळा स्टॅबिलायझर बारचा (वळणावर गाडीचं कलणं आवरणाऱ्या दांड्याचा) लिंक रॉड किंवा त्याचे बुश गेलेले असतात. ब्रेक मारताना किंवा रिव्हर्समधून पुढे निघताना एकच "ठक" झाला तर लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या हाताचा, मागचा बुश बघा. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवताना स्प्रिंग ताणून सुटल्यासारखा "टंग" आवाज आला, तर स्ट्रट माउंटचं, म्हणजे स्ट्रटच्या वरच्या टोकाच्या बैठकीचं, बेअरिंग अडकतं आहे. गतिरोधकावरून उतरताना मागून "धप्प" होत असेल तर बंप स्टॉपचा (शॉकअपच्या दांड्यावरच्या फोमचा) भुगा झालेला असतो किंवा शॉकअपने मान टाकलेली असते. लाटांच्या रस्त्यावर गाडी उगीच वरखाली होत राहिली तर शंका सरळ शॉकअपवर. आणि कसलाही आवाज नाही, डुलणं नाही, पण प्रत्येक बारीक खडा कमरेला कळतो, तर खाली काही उघडू नका. दोष हवेत किंवा टायरमध्ये आहे.

बोनेटवर जोर देऊन गाडी दाबायची आणि किती वेळा हलते ते मोजायचं, ही जुनी परीक्षा पूर्ण फुकट गेलेला शॉकअप दाखवते. अर्धवट गेलेला दाखवत नाही, कारण बुशांचं घर्षणच गाडीला थांबवतं. त्यापेक्षा टायरवर हात फिरवा. रबरावर ठराविक अंतराने खोलगट, उंच, पुन्हा खोलगट अशी झीज लागली तर चाक रस्त्यावर नाचतंय. बॅलन्सिंग ठीक असेल, तर शॉकअप संपल्याची ती खूण.

हवा: फुकटातली सुधारणा

ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर कंपनीचा स्टिकर असतो. त्यावर टायरचा साईज आणि हवेचे आकडे असतात, पुष्कळ गाड्यांना कमी माणसांसाठी वेगळा आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा. पंपावरचा मुलगा "पस्तीस टाकू?" म्हणतो आणि आपण मान हलवतो. गाडी पंपापर्यंत चालत आलेली असते, टायर तापलेले असतात, मीटरचा भरवसा नसतो. तीन-चार पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) इकडचे तिकडे व्हायला एवढं पुरेसं आहे, आणि छोट्या गाडीत तेवढा फरक मागच्या सीटवर स्पष्ट कळतो.

स्वतःचा प्रेशर गेज घ्या. सकाळी गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना मोजा. गेल्या वेळी सगळं कुटुंब घेऊन मंगेशीला जाताना भरलेली जास्तीची हवा अजून तशीच असेल, तर रोजच्या एकट्या प्रवासासाठी स्टिकरवरच्या खालच्या आकड्यावर या. त्याच्याखाली मात्र जाऊ नका. कमी हवेचा टायर मऊ वाटतो खरा, पण खड्ड्यात रिमच्या काठावर चिमटला जातो, कडेला फुगा येतो, आणि पावसात साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे हा खेळ परवडत नाही.

नायट्रोजन भरल्याने गाडी मऊ होत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. टायर नायट्रोजनचा असो वा हवेचा, आकडा बरोबर असला की काम झालं.

टायर: सगळ्यात जास्त फरक इथे

रस्ता आणि तुमची कंबर यांच्यामधली पहिली गादी म्हणजे टायरची कड. ती किती उंच आहे हे टायरवरच लिहिलेलं असतं. १६५/८० आर १४ म्हणजे रुंदी १६५ मिमी, कडेची उंची तिच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी, आणि रिम १४ इंची. १८५/६५ आर १५ मध्ये हीच कड १२० मिमी. हे दोन्ही साईज स्विफ्टला कंपनीनेच दिलेले आहेत, पहिला खालच्या व्हेरिअंटला, दुसरा वरच्या. दोन्हींचा बाहेरचा व्यास ६२० मिमीच्या आसपास. म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही, ग्राउंड क्लिअरन्स बदलत नाही, आणि खालच्या व्हेरिअंटवाल्याला बारा मिमी जास्त रबर मिळतं. जास्त पैसे देऊन वरचं मॉडेल घेणारा रस्त्यावर जास्त धक्के खातो, आणि शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही.

वरच्या व्हेरिअंटवाल्यांसाठी यात एक चांगला उपाय आहे. अलॉय उतरवून त्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरिअंटचे रिम आणि उंच कडेचे टायर बसवायचे. रिम ब्रेक कॅलिपरला घासत नाही ना, हे एक चाक बसवून, हाताने फिरवून आधी बघा. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. माझ्या अंदाजाने एवढ्या खर्चात राइडमध्ये एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. अडचण एकच, गाडी दिसायला गरीब होते, आणि घरात कॉलेजला जाणारा मुलगा असेल तर भांडण ठरलेलं.

उलट्या दिशेने, म्हणजे १३ किंवा १४ इंचांवरून १६ इंची अलॉयवर गेलात, तर या लेखाचा पुढचा भाग वाचून उपयोग नाही. कड कमी झाली, चाक बहुधा जड झालं. चाक, ब्रेक, आर्मचा अर्धा भाग हे वजन स्प्रिंगच्या खाली लोंबत असतं. ते जितकं जास्त, तितकं चाक खड्ड्यात जोराने आपटतं आणि शॉकअपला आवरत नाही.

टायरचं वयही बघा. कडेवर डीओटीनंतरच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण टायर सहा-सात वर्षांचा, आणि गाडी बारा महिने उन्हात उभी, तर रबर लाकडासारखं झालेलं असतं. असा टायर ओल्या रस्त्यावर पकडही सोडतो. बदलताना दुकानदाराला मऊ कडेचा, आरामासाठी बनवलेला टायर मागा. "जास्त किलोमीटर चालतो" म्हणून जो विकतात तो सहसा कडक असतो.

खालचं रबर

इथे गोव्याची हवा आणि माती दोन्ही आपल्या विरुद्ध आहेत. खारी हवा बोल्ट गंजवते. तांबडी माती पावसात चिकटते, उन्हात वाळते आणि फाटलेल्या डस्ट कव्हरमधून शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर जाऊन बसते. प्रत्येक खड्ड्याबरोबर ती वाळू सीलवर घासली जाते, दांड्यावर उभे ओरखडे पडतात, तेल पाझरू लागतं. दोन-पाचशे रुपयांचं कव्हर वेळेवर बदललं नाही की हजारांचा शॉकअप जातो, तो असा.

तपासणीच्या आदल्या दिवशी गाडी खालून धुऊन घ्या. चिखल चढलेल्या शॉकअपवर तेल दिसत नाही. लिफ्टवर किंवा पिटवर टॉर्च घेऊन मेकॅनिकबरोबर स्वतः खाली जा. लोअर आर्मच्या मागच्या बुशात पहार घालून हलवायला सांगा. रबर थोडं दबून परत आलं पाहिजे. धातूवर धातू आपटला किंवा रबराला आरपार चीर दिसली तर तो बुश गेला. लिंक रॉड हाताने हलवा, चाक जमिनीवर टेकलेलं असेल तर ढिलेपणा चटकन कळतो. आर्म आणि चाक जोडणारा बॉल जॉइंट मात्र चाक उचलून बघा, आणि तो हलताना दिसला तर त्याच दिवशी बदला. बाकीचे भाग गेले तर आवाज येतो, हा गेला तर चाक आडवं पडतं.

बंप स्टॉप म्हणजे शॉकअपच्या दांड्यावर बसणारा फोमचा तुकडा. भरलेली छोटी गाडी गतिरोधकावर कित्येकदा या तुकड्यावरच टेकते, तो सस्पेन्शनचा शेवटचा मऊ भाग. पाच-सहा वर्षांत त्याचा पिवळा भुगा होतो आणि मग शॉकअप थेट तळाला आपटतो. नवे शॉकअप बसवताना जुना बंप स्टॉप "चालेल" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आता बसवण्याची एक गोष्ट, जी पुष्कळ ठिकाणी चुकते. आर्मचा बुश म्हणजे दोन धातूच्या नळ्यांमध्ये चिकटवलेलं रबर. ते फिरत नाही, पिळवटतं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबत असताना बोल्ट आवळला तर रबर त्या लोंबत्या अवस्थेत जखडतं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलंच राहतं. राइड कडक होते आणि बुश वर्षभरातच फाटतो. म्हणून बोल्ट हाताने बसवायचे, शेवटची आवळणी गाडी चाकांवर उभी असताना. गॅरेजमध्ये हा संवाद होणारच, तयारी ठेवा:

"मेस्त, हा बोल्ट आता नुसता लावून ठेवा. गाडी खाली घेतल्यावर आवळू."

"खाली घेतल्यावर पाना जाणार कसा? पिट नाही माझ्याकडे."

"मग आर्मखाली जॅक लावा आणि चाक जमिनीवर असल्यासारखं वर घ्या. माप आहे माझ्याकडे."

ते माप म्हणजे काम सुरू करण्याआधी, सपाट जागेवर उभ्या गाडीत, चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या काठापर्यंतचं अंतर. चारही चाकांचं लिहून ठेवा. जॅकने तेवढंच अंतर करायचं आणि आवळायचं. हेच माप पुढे स्प्रिंग दबून खाली बसले आहेत का हे ठरवायलाही कामी येतं.

पॉलियुरेथेनचे बुश जास्त टिकतात म्हणून कोणी सुचवेल. टिकतात. पण ते रबरापेक्षा कडक असतात आणि रस्त्याची थरथर थेट आत आणतात. आराम हवा असेल तर कंपनीचं साधं रबरच घ्या. स्ट्रट माउंटलाही तेच लागू.

शॉकअप निवडताना

शॉकअप गाडी उचलून धरत नाही, ते काम स्प्रिंगचं. शॉकअप स्प्रिंगचं उसळणं थांबवतो. आतल्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलून तो हालचालीची उष्णता करतो. उखडलेल्या रस्त्यावर सतत चालताना तेल तापतं, त्यात हवेचे बुडबुडे होतात आणि फेसाळलेलं तेल अडवत नाही. गॅसचे शॉकअप यासाठीच असतात. आतल्या नायट्रोजनच्या दाबाने फेस सहजी होत नाही. चोर्ला घाटाच्या खराब पट्ट्यावरून उतरताना शेवटच्या वळणांवर गाडी सैल वाटत असेल, तर कारण हे असू शकतं.

आरामासाठी मूळ गाडीच्या मापाचा, दोन नळ्यांचा, कमी दाबाचा गॅस शॉकअप घ्या. गॅब्रिएल, मनरो, केवायबी यांचे असे शॉकअप बाजारात असतात, किंवा सरळ गाडीच्या कंपनीच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवरून घ्या. बिल्स्टीन बी६ सारखे एकाच नळीचे जास्त दाबाचे शॉकअप उत्तम असतात, वळणावर गाडी घट्ट धरतात, पण गावातल्या हळू वेगाच्या खड्ड्यांवर ते तुम्हाला आवडतीलच असं नाही. पैसे जास्त म्हणजे आराम जास्त, हा हिशेब इथे चालत नाही.

"रिपेअर" केलेले, म्हणजे भोक पाडून तेल भरून, वेल्डिंग मारून काळा रंग दिलेले शॉकअप घेऊ नका. तोच ओरखडलेला दांडा नव्या रंगाखाली असतो. बदलताना जोडी बदला, डावा-उजवा एकदम. ८० हजार किलोमीटरच्या आसपास शॉकअप बदलावेत असं मनरोसारखे उत्पादक सांगतात. आपल्या रस्त्यांवर ५० हजारांनंतर दरवर्षी बघत जावं.

मागचे शॉकअप घरी बदलता येतात

ज्या गाडीत मागचा स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसवलेले असतात तिथेच हे करा. आदल्या रात्री खालच्या बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. समुद्राकाठच्या गाड्यांचे बोल्ट एका दमात निघत नाहीत, पान्यावर नाचलात तर बोल्टचं डोकं गोल होतं.

सपाट, कडक जमिनीवर गाडी उभी करा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. मागची बाजू उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातही घालायचा नाही. मग जॅक बीमखाली आणा आणि किंचित आधार द्या. हे विसरलात तर शॉकअप सुटताच बीम खाली झुकतो, स्प्रिंग निसटतो आणि ब्रेकच्या होजवर ताण येतो. आधी वरचा नट काढा. काही गाड्यांत तो डिकीच्या आतलं कव्हर काढल्यावर दिसतो. दांडा फिरत असेल तर टोकाला पाना धरा. दांड्यावर पकड कधीच लावू नका, एक ओरखडा पडला की नवा सील गेला.

नवा शॉकअप खोक्यातून काढला की पट्टी कापताच तो हळूहळू लांब होईल. तो गॅसचा दाब, घाबरू नका. बसवण्याआधी तो उभा धरून, पूर्ण लांबीपर्यंत चार-पाच वेळा हळू दाबा आणि सोडा. आडवा पडून राहिल्याने आतल्या नळीत गेलेली हवा बाहेर येते. पहिल्या एक-दोन दाबांत पोकळ जागा जाणवेल, नंतर सगळीकडे सारखा विरोध लागला की शॉकअप तयार. नवा बंप स्टॉप, नवं कव्हर चढवा, वरचा नट आणि खालचा बोल्ट लावा, आणि खालचा बोल्ट गाडी चाकांवर आल्यावरच मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) आवळा. आपोआप लॉक होणारे नट जुने वापरू नका.

पुढचे स्ट्रट घरी उघडू नका. तिथे स्प्रिंग दाबून धरलेला असतो. तो सुटला तर हात नाही तर डोकं जातं. हे काम चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्येच. तुम्ही फक्त बघत राहा. स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) यांच्या बोल्टभोवती सोडण्याआधी खूण केली का, ब्रेक कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवला नाही ना, एबीएसची वायर परत क्लिपमध्ये बसली का, स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या पायरीला टेकलं का. माउंट आणि बेअरिंग याच वेळी नवे टाका. पुन्हा उघडायचं म्हणजे तीच मजुरी दुसऱ्यांदा.

स्प्रिंग आणि बफर

कॉइलच्या वेढ्यांमध्ये घालायचे रबरी बफर फार खपतात, "कुशन इफेक्ट" म्हणून. बफर दोन वेढे जखडतो, म्हणजे हलणारा स्प्रिंग तेवढा आखूड झाला, आणि आखूड स्प्रिंग कडक असतो. गाडी थोडी वर उठते, भरलेली असताना तळाला टेकत नाही, म्हणून बरं वाटतं. रिकाम्या गाडीत ती पूर्वीपेक्षा कडकच चालते. मागची बाजू खरोखर बसली असेल, मघाच्या मापात डावी-उजवी वेगळी आली असेल, तर स्प्रिंगचं खालचं टोक बघा. गंजून एक तुकडा तुटलेला असणं आपल्याकडे नवल नाही. उपाय म्हणजे कंपनीचे नवे स्प्रिंग, जोडीने, चेसिस नंबर सांगून मागवलेले. सीएनजी आणि पेट्रोल मॉडेलचे मागचे स्प्रिंग वेगळे असू शकतात, नुसत्या मॉडेलच्या नावावर घेऊ नका.

गाडी खाली बसवणारे लोअरिंग स्प्रिंग आरामाच्या यादीत येतच नाहीत. चाकाला वर जायला जागा कमी उरते, म्हणून ते कडकच करावे लागतात. ओहोटीच्या वेळी चोडणच्या फेरीबोटीवर अशी गाडी चढवून बघा, रॅम्पच्या काठावर बंपर काय म्हणतो ते ऐकू येईल. शिवाय मोटर वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करायला मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितलं. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला हे दिसलं तर दाव्यात अडचण येऊ शकते. त्याच मापाचे शॉकअप, बुश, स्प्रिंग बदलणं ही देखभाल झाली, त्यात हा प्रश्न येत नाही.

केव्हा करावं, आणि नंतर

टायरचं काम मे महिन्यात उरका, पावसाआधी. बुश आणि शॉकअप मात्र तातडीचे नसतील तर दिवाळीपर्यंत थांबवा. जून ते सप्टेंबर पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, आणि नव्या बुशांना पहिल्याच महिन्यात तो मार कशाला?

काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या, स्ट्रट उघडला असेल तर हटकून. ते सगळ्यात शेवटी. ढिल्या बुशांवर केलेलं अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यात बदलतं. छापील रिपोर्ट मागा आणि ‘टो’चे (चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत त्याचे) आकडे हिरव्यात आहेत का बघा. मग तोच फेरा, तेवढीच हवा, तीच रिकामी डिकी, आणि पुन्हा मागच्या सीटवर. नवे शॉकअप पहिल्या काही दिवसांत थोडे घट्ट वाटतात, सील आणि बुश बसायला वेळ लागतो, म्हणून लगेच नाराज होऊ नका. तीन-चारशे किलोमीटरनंतर गॅरेजमध्ये जाऊन सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कने तपासून घ्या. ही फेरी बहुतेक जण टाळतात आणि मग महिन्याने "नवीन शॉकअपमधून आवाज येतो" म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालतात.

एवढं करूनही आईची कंबर दुखतच असेल तर सीटचा फोम दाबून बघा. आठ-दहा वर्षांच्या गाडीत मागच्या सीटचा फोम मधोमध बसलेला असतो आणि खालची चौकट हाताला लागते. कुशनवाल्याकडून तेवढा फोम बदलून घेणं शॉकअपच्या जोडीपेक्षा स्वस्त पडतं.